बिनबाळाचं बाळंतपण

आत्याबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ ओतलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परात माझ्यापुढं सरकवली.

"सावकाश मळ," त्या म्हणाल्या. "घाई कुणी केलीया?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं हे 'सावकाश' मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. सावकाश म्हणजे आत्ता, आणि आत्ता म्हणजे मघाशीच व्हायला हवं होतं. मी पिठात पाणी घातलं, तळहात टेकवला आणि जोर दिला. बेंबीच्या खाली, जिथं टाके पडले होते तिथं, आतून कुणीतरी दोरी ओढली. मी हात काढून घेतला. परत जोर दिला, परत दोरी ओढली गेली.

माझी पिशवी काढून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. पिशवीत गाठी होत्या आणि अंगावरून इतकं जायचं, की मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि त्यांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानातल्या माणसांना जेवायला वाढताना मला भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. ऑपरेशन सांगलीला झालं. टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नीट समोर बसवून सांगितलं, की जखम छान सुकलीय, पण आतलं भरून यायला वेळ लागतो. दोन महिने वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. ओढ बसेल, लघवीला जळजळेल, अंगातून वाफा निघतील, उगीच रडू येईल, त्याला घाबरायचं नाही. माझ्या मालकांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं विट्याला घरी आणलं. जखम छान सुकलीय. बाकीचं सांगलीच्या स्टँडवर राहिलं असावं.

तेव्हापासून जे कुणी मला बघायला यायचं ते दोन सफरचंदं ठेवायचं आणि एका धडधाकट बाईची गोष्ट सांगायचं. कुणाची जाऊ पंधरवड्यात शेतात भांगलायला गेली होती, कुणाच्या मावशीनं घरी आल्या आल्या चुलवणावर पुरण शिजवलं होतं. पिशवी काढून उड्या मारणाऱ्या इतक्या बाया आसपासच्या गावांत होत्या आणि मला त्यातली एकही कधी भेटली नाही.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"ओढ बसतीया."

"सवय मोडलीया. दोन दिस केलं की बसंल."

त्याच्या आदल्याच थंडीत, त्याच घरात, मी माझ्या लेकीचं बाळंतपण केलं होतं. तेव्हा ह्याच आत्याबाई तिच्या बाजेशी राखण करत बसायच्या. पोरीनं पाण्याचा पेला स्वतः उचलला तरी ओरडायच्या, की आतनं वली हायस, गार पाण्यात हात घालशील तर जन्माची दुखणी लागतील. मला ते सगळं शब्दाला शब्द आठवलं. मी पिठाचे हात झटकले आणि परात त्यांच्याकडं परत सरकवली.

"आत्याबाई, माझं बाळंतपण करा," मी म्हणाले.

त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग त्यांनी सोप्यात चहा पीत बसलेल्या मालकांना हाक मारली, की ही काय बोलतीया बघ. मालक दारात आले. मी तेच पुन्हा सांगितलं. शेक, शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं. सव्वा महिना बाजेवर.

"आन बाळ कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना हसूच आलं होतं.

"बाळ भाईर आलं तर बाई नाजूक. आन बाळाचं घरच काढून टाकलं तर बाई धडधाकट. ह्यो न्याय कुणी काढला?"

मालक म्हणाले, चारचौघांत असलं बोलू नकोस, लोक येडं म्हणतील. मी म्हणाले, येड्या बाईला कुणी भाकरी थापायला लावत नाही, ते बरंच की. आत्याबाईंचं हसू आटलं. त्या पीठ मळायला बसल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आई असती तर केलं असतं बाळंतपण. जा म्हायेरी."

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि हे त्यांना माहीत होतं. टोचायलाच बोलल्या होत्या त्या. पण मी ते हुकूम म्हणून घेतलं. सोप्यातल्या फोनवरून माझ्या धाकट्या भावाला, विलासला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला न्यायला ये. बाळंतपणाला."

दुसऱ्या दिवशी विलास मित्राची जीप घेऊन आला. पोटाशी एक उशी आणि पाठीशी एक अशी मी बसले. विटा ते कडेगाव रस्त्यातला एक एक खड्डा मला अजून ओळखता येईल. विलास गाडी हाकत होता. गावाचा फाटा आला तेव्हा मी विचारलं, सिंधूला सांगितलंस काय? ती काय म्हणाली?

"काय न्हाई," विलास म्हणाला. "बाज भाईर काढाय लागली."

सिंधू माझी भावजय. आमचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायलासुद्धा दोघींनी बोलावं लागतं. मी तोंडाळ आणि ती मुकी. ती आपल्या घमेंडीत असते असं मी ठरवून टाकलं होतं आणि तिनंही माझ्याबद्दल काहीतरी ठरवलं असणारच. तिचं पहिलं मूल तिच्या माहेरी जन्मताच गेलं, तेही आम्हाला निरोपातून कळलं. ती परत आली ती कामालाच लागलेली दिसली, त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. पुढं मुलगा झाला, तो आता साताऱ्याला बोर्डिंगात शिकत होता. आई गेल्यावर माझं जाणं दिवाळीपुरतं उरलं. ती करायची, मी जेवायचे आणि ओटी घेऊन परत यायचे.

त्यामुळं दारात जीप थांबली तेव्हा मी लगेच उतरले नाही. रागाच्या भरात केलेली मागणी आता दुसऱ्या बाईच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती. सिंधू बाहेर आली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. बाळंतीण बाळ घेऊन दारात आली की ओवाळतात तसं तिनं माझ्यावरून ओवाळलं, तुकडा लांब टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं.

"या वन्सं," ती म्हणाली. "पाय सावकाश टाका."

हे सावकाश वेगळं होतं. मधल्या खोलीत बाज टाकली होती, तिची सुतळी नव्यानं आवळलेली. खाली शेगडी, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. फळीवर ओवा, बाळंतशेपा, डिंक, अळीव, सगळे डबे ओळीनं मांडलेले. मी बघतच राहिले. मला वाटलं होतं एखादी गादी घालून देईल आणि दोन वेळा ताट आणून ठेवील.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिनं मला पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. पोटाला हात लावायचा नाही म्हटल्यावर ती पोटाला शिवली नाही. पण पाठ, कंबर, पाय, टाळू, यांत तिनं रोज सकाळी इतकं तेल जिरवलं की बाजेवरून मी घसरून पडते की काय असं वाटायचं. मग कढत पाण्यानं टाक्यांची जागा सांभाळून अंग पुसायचं, मग शेगडीवर ओवा आणि शेपा टाकून धुरी. कानाला फडकं. बाजरीची भाकरी, वर तूप, लसणाची चटणी, शेपूची भाजी. दुपारी खीर आणि संध्याकाळी लाडू. या सगळ्यात ती एकदाही हसली नाही. मी मात्र हसायचे, कारण कानाला फडकं बांधून धुरीत बसलेली, केस पिकायला लागलेली बाळंतीण आरशात दिसायची आणि ती मीच असायचे.

म्हणून सगळं सुखाचं झालं असं नाही. दुखणं हट्टी होतं. उठताना ओढ बसायची. टाक्यांच्या वरची कातडी बधिर होती, तिथं हात लावला की दुसऱ्याच कुणाच्या पोटाला लावल्यासारखं वाटायचं. गोठ्यात म्हैस हंबरली की मला रडू यायचं, आणि म्हशीला काही झालेलं नसायचं. सिंधू तेव्हा शेजारी येऊन लसूण सोलत बसायची. काय झालं म्हणून विचारायची नाही.

पहिल्यांदा अंगातून वाफ निघाली तेव्हा मी धुरीतच होते. पायापासून डोक्यापर्यंत कुणी पेटवल्यासारखं झालं. मी फडकं फेकलं, पांघरूण फेकलं, शेगडीला शिव्या दिल्या. सिंधूनं शेगडी पायांकडं सरकवली आणि डोक्यावरचा पंखा लावला. विलास दारातून म्हणाला, वर पंखा आन खाली इस्तू, ह्यो कसला उपचार?

"त्यांच्या अंगाला जे लागतंय ते," सिंधू म्हणाली. "अंग त्यांचं हाय."

असे दिवस गेले आणि मला जरा हुशारी आली. हुशारी आली की माझे हात शिवशिवतात. सिंधू गोठ्यात गेलेली बघून मी न्हाणीघरातली भरलेली कळशी उचलली. अर्ध्या वाटेत ती समोर उभी राहिली.

"ठेवा ती."

"आगं बरं वाटतंया आता. पुरं झालं ह्ये."

"पुरं झालं न्हाई. सगळं करायचं. अर्धं ठेवायचं न्हाई."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशा आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती. माझंही डोकं फिरलं. मी म्हणाले, "माझी चेष्टा करतीयास व्हय गं? मी तिकडं रागानं बोलून गेले. तू आपली टोपरं-झबलं शिवायचं तेवढं ठेवलंयस."

तिनं माझ्या हातातली कळशी घेतली, जागेवर नेऊन ठेवली आणि गोठ्याकडं निघून गेली. संध्याकाळचा लाडू तिनं ताटलीत ठेवून दिला, पण शेजारी बसली नाही. मला वाटलं, आता इथूनही उठायची वेळ आली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाचा टेम्पो दारात आला. आतून मालक उतरले, पाठोपाठ आत्याबाई. आमच्या देवाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेला आमच्याकडं पाहुण्यांचा राबता असतो, मटणाची पातेली चढतात आणि भाकरीच्या चवडी लागतात. त्या चवडी कुणी थापायच्या हा प्रश्न घरात निघाला असणार आणि त्याचं उत्तर न्यायला दोघं आले होते.

मी बाजेवर होते. कानाला फडकं, खाली शेगडी. आत्याबाईंनी ती सगळी मांडामांड एकदा नजरेखालून घातली. मालक खुर्चीच्या कडेला बसले. म्हणाले, तब्येत बरी दिसतीया. मी म्हणाले, दिसती बरी, पण वाकलं की ओढ बसती अजून. मालक म्हणाले, डॉक्टरीण तर सुकलंय म्हणाली होती. मी त्यांना बाकीचं सगळं पुन्हा सांगितलं, जे स्टँडवर राहिलं होतं ते. त्यांनी मान डोलावली आणि बघितलं आत्याबाईंकडं.

"पीठ मळाया बाई लावू," आत्याबाई म्हणाल्या. "तू नुसत्या थाप. पर घरात तू पायजेस. हिकडं बाळ न्हाई, बारसं न्हाई, आन बाळंतपण चाललंया. गाव हसतंया आमास्नी."

सिंधू चहाचे कप घेऊन आली होती. तिनं ते खाली ठेवले.

"हसू द्या," ती म्हणाली.

आत्याबाई तिच्याकडं वळल्या. माझ्या माहेरच्या घरात त्यांच्यापुढं असं कुणी बोललं नव्हतं, आणि सिंधू तर मुळीच नाही. विलास दारात उभा होता, तो अर्धवट पुढं आला आणि थांबला.

"माझंबी बाळ नव्हतं," सिंधू म्हणाली. पदर डोक्यावरून घेतलेला आणि नजर खाली. पण आवाज सरळ होता. "पोरगी झाली ती रडलीच न्हाई. आई म्हणली, मूल न्हाई तर बाळंतपण कुणासाठी? बाज उचलून ठिवली. डिंक तळून ठेवला हुता, तो शेजारच्या बाळंतिणीला दिला. टाके वले असतानाच मी धुण्याचं बोचकं घिऊन वढ्याला गेले. ओढ बसायची. अंगावर दूध यायचं. कुणाला सांगू? पोर असती तर तिच्या निमतानं मलाबी इचारलं असतं कुणी."

चहाचे कप तसेच राहिले. विलास जमिनीकडं बघत होता. हे त्यालाही ठाऊक नसावं, किंवा असेल तर त्यानं कधी उघडून बघितलं नसेल.

"वन्सं फोनवर म्हणल्या, बाळंतपणाला न्या," सिंधू म्हणाली. "तवा मला पयल्यांदा कळलं, असं मागता येतं म्हणून."

काल मी हिला चेष्टा करतेस म्हणाले होते. फळीवरचे ते ओळीनं मांडलेले डबे मला दिसले, नव्यानं आवळलेली सुतळी दिसली, आणि अर्धं ठेवायचं न्हाई हे ती का म्हणाली ते कळलं. कुणाकुणाचा राग आला ते सांगत बसत नाही. पुष्कळांचा आला.

मी बाजेवरून उठले. ओढ बसली. कानाचं फडकं सोडलं, सिंधूच्या दंडाला धरलं आणि तिला माझ्या जागेवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हणाले, गप. तिच्या डोक्यावरचा पदर मागं सारला आणि फडकं तिच्या कानांवरून बांधलं. गाठ काही नीट बसेना.

"विलास," मी म्हणाले, "शेगडीत कोळसं घाल. आन पाणी तापव. न्हाणीतली कळशी जड हाय, ती तूच उचलायची. मी नुसतं सांगणार हाय."

तो कोळसे आणायला गेला.

मालक उभे राहिले. "आन तू? घरी कवा येणार?"

"आजून एक बाळंतपण व्हायचंया," मी म्हणाले. "ते झालं की येते."

"आन जत्रा?"

"देव तुमचा हाय, पावणं तुमचं हाईत. दुकानातली माणसं मोटरीला तार गुंडाळत्यात, त्यांना भाकरी थापता येतील. परातीवर बसवा त्यांना. सावकाश करा म्हणावं, घाई कुणी केलीया?"

मालक रागानं बाहेर पडले. टेम्पोचं दार आपटल्याचं ऐकू आलं. आत्याबाईंनीही पदर सावरला आणि त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या. मागं वळून त्या सिंधूकडं बघत होत्या, आणि मला वाटलं, आता शेवटचं काहीतरी टोचून जाणार. मी उत्तर तयार ठेवलं.

त्या परत आल्या आणि त्यांनी मला बाजूला सारलं.

"असं नव्हं बांधत," त्या म्हणाल्या. "वारं शिरतंय." त्यांनी माझी गाठ सोडली, फडकं दोन्ही कानांवर नीट बसवलं आणि हनुवटीखाली घट्ट बांधलं. हात काढून घेतला नाही. "पोरगी हुती म्हणलीस?"

सिंधूनं होकारार्थी मान डोलावली.

"नाव?"

"कुणी ठेवलं न्हाई."

आत्याबाई बाजेच्या कडेला टेकल्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती, म्हणून तोंड मला दिसलं नाही. "ते मी इचारत न्हाई. तू पोटात बाळगलीस न्हवं तिला? मनात काय नाव हुतं?"

विलास कोळशाची पाटी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. सिंधू रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि रडता रडता ती म्हणाली, "रेवती."

आत्याबाई तिच्या कानाशी वाकल्या. फडक्यावरूनच, बारशाला पाळण्यातल्या पोरीच्या कानात सांगतात तसं, हलकेच म्हणाल्या, "रेवती." विलासनं पाटी खाली ठेवली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. मी दारात गेले. दम भरून, रस्त्यावरच्या चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले. ओरडल्यानं टाक्यांत चांगलीच ओढ बसली, बसू दे म्हटलं.

"थांबा तिथंच. बारसं चाललंया."